काशिनाथची लाइनची वही

काशिनाथ,

येत्या रविवारी तुझी शोकसभा आहे. संस्थेच्या अध्यक्षांनी मला ‘एक पान, भावपूर्ण’ लिहून आणायला सांगितलंय, आणि चुकू नये म्हणून चिठ्ठीवर क्रमही दिलाय: जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, अखेर. तू असतास तर चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाला असतास, “मास्तर, हा तर मीटर रीडिंगचा फॉर्म हाय. मागचा आकडा, आताचा आकडा, वजाबाकी.” ते पान मी लिहिणार नाही. हे तुला लिहितोय.

आज मंगळवार. गुरुवारी मुरबाडला तुझ्या मृत्यूची चौकशी आहे आणि मला जबाबाला बोलावलंय. तिथं प्रश्न एकच असणार: तू खांबावर होतास तेव्हा शाळेच्या डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीचे, तीन फ्यूज कुठं होते? अपघातानंतर ते डीपीत बसवलेले सापडले. म्हणजे तू ते न काढताच वर चढलास, असं कागदावर आलं तर चूक तुझी. मग सुनंदावहिनींना तुझ्या जागी नोकरी नाही, आणि अकरा गावांच्या तारा वीस वर्षं सांभाळणारा वायरमन स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला, एवढंच तुझ्या नावापुढे उरणार. खरं उत्तर मला ठाऊक आहे. ते लिहायला हात उठत नाही, म्हणून आधी वहीबद्दल लिहितो.

तू दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालास, मी एकदाच बसलो आणि पुढे त्याच शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो. यावर तुझं ठरलेलं उत्तर होतं: “शाळा तीच, खांबही तोच. तू खाली राहिलास, मी वर गेलो.” पहिल्या पगारातून मी एक जाडजूड डिक्शनरी आणली तेव्हा तू शाळेची तार जोडून व्हरांड्यात चहा पीत बसला होतास. “आमचा शब्द बघ रे त्यात,” म्हणालास. मी ‘लाइन’ काढला. एका शब्दाने तीन पानं अडवली होती. तू बशी खाली ठेवलीस. “एका शब्दाला येवढं? मग मी नापास झालो त्यात माझी काय चूक?”

दुसऱ्या दिवशी तू एक जुनी डायरी घेऊन आलास. मागच्या कोऱ्या पानावर ‘लाइन’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यास. अट अशी की पुस्तकातले अर्थ मी आणायचे, कानाने ऐकलेले तू. ज्याचे आधी संपतील त्याने टोकावड्याच्या ढाब्यावर मिसळ द्यायची. ती मिसळ कोणीच दिली नाही, कारण तुझे कधी संपले नाहीत आणि मी हरल्याचं कधी कबूल केलं नाही.

तुझी पहिली नोंद: ‘जी येते आणि जाते.’ दुसरी: ‘जी शहापूरला हाय आणि मुरबाडला नाय.’ ती रेल्वे. तुझ्या अक्काचं लग्न शहापूरकडे ठरलं तेव्हा मध्यस्थ एवढंच म्हणाला होता, “मुलगा लाइनवरचा आहे,” आणि तुझ्या बापाने जमीन किती हेसुद्धा न विचारता मान हलवली होती. मुरबाडला लाइन येणार हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत होतो. त्याची तू वेगळी नोंद केलीस: ‘मतं मागायला येतात त्यांच्या गाडीतून येते, त्यांच्याच गाडीतून परत जाते.’ तिसरी नोंद अक्काच्या घरून आली. तिच्या गावाजवळून मुंबईला पाणी नेणारा माणसाच्या उंचीचा नळ जातो आणि त्याच्याच कडेने ती डोक्यावर हंडा घेऊन विहिरीला जाते. तू लिहिलंस: ‘मुंबईची लाइन. कान लावला का पाणी ऐकू येतं.’ माझ्या डिक्शनरीत पाइपलाइन होती, कान नव्हता.

मग धसईच्या बाजारातला तांदळाचा व्यापारी आला, जो कोणाला नाकारायचं असलं की म्हणतो, हा आपल्या लाइनीतला नाय. आपल्या वर्गातल्या दगडूला कॉलेजात कोणी दिली नाही ती लाइनही आली. ती चावट आहे म्हणून मी खोडायला निघालो, तर तू वहीच छातीशी धरलीस. “पुस्तकात नाय ना? मग माझा गुण.” मी आपला सुरकुती, वंश, सैन्याची आघाडी, गळाची दोरी असले अर्थ आणत राहिलो. तू ते इमानाने उतरवून घेतलेस आणि पुढे कंसात लिहिलंस: ‘मास्तरचे. इकडे चालत नाहीत.’

एकदाच तू हसला नाहीस. मी ‘डेडलाइन’ आणला होता. सांगितलं की आता कामाच्या मुदतीला म्हणतात, पण जुन्या काळी कैद्यांच्या तळावर एक हद्द आखलेली असायची, ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. तू लिहिता लिहिता थांबलास.

“ती कैद्याला दिसायची का?”

“दिसायची.”

“मग बरं. आमची दिसत नाय.”

आपला वाद या वहीवरूनच सुरू झाला आणि अर्धा राहिला. माझं म्हणणं, शब्दाचा अर्थ वाक्य ठरवतं. तुझं म्हणणं, माणूस कुठं उभा आहे ते ठरवतं. “खालच्याला लाइन म्हणजे पंखा, टीव्ही, भाताची गिरण. वरच्याला दोनच अर्थ, चालू नायतर बंद. तिसरा नाय. आणि ते कळायला वाक्य लागत नाय, हात लागतो.” मग तू पंजा पालथा करून दाखवायचास. तारेला कधी हात लावावाच लागला तर मागच्या बाजूने लावायचा, म्हणजे झटका बसला तरी हात मागे येतो. “पंजानं धरलीस तर ती तुला धरते.” मी म्हणायचो, हे तत्त्वज्ञान झालं, इंग्रजी नव्हे. तू म्हणायचास, “तुझं इंग्रजी चढव खांबावर, मग बोलू.”

आता तो प्रसंग, ज्याच्यामुळे पुढचं सगळं मला माफ होण्यासारखं राहत नाही.

वैशाखरे गावात तू खांबावर होतास. डीपीचे फ्यूज काढून तुझ्या पिशवीत ठेवलेले. डोळ्यांसमोर लग्नघर, टेपरेकॉर्डर बंद पडलेला. कोणा शहाण्याने डीपीत फ्यूजच्या जागी सायकलचा आरा वाकवून घातला. तू पकडीने काम करत होतास म्हणून वाचलास. नुसती मुंगी आली आणि गेली, असं तू म्हणालास. मी त्या लग्नाला आलो होतो. तू खाली उतरलास, कोणाला शिवी दिली नाहीस, चहा मागितलास, आणि कप तुला धरता आला नाही. मी धरला. दोन घोट घेऊन तू म्हणालास:

“मास्तर, आजपास्नं दोन गोष्टी. फ्यूज माझ्या अंगावर, आणि डीपीखाली एक माणूस बसलेला. दोनी पायजेत. एक नाय चालत.”

त्यानंतर अकरा गावांत हा रिवाज झाला. तू खांबाकडे निघालास की कोणीतरी आपणहून डीपीखाली जाऊन बसायचं, शेंगा खात, विडी ओढत. तू परत येऊन “उठ रे” म्हणेपर्यंत सरपंचाने बोलावलं तरी तो माणूस उठायचा नाही. खात्याच्या कुठल्या पुस्तकात हे नव्हतं.

शाळेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन ठरलं तेव्हा सत्काराच्या यादीत तुझं नाव मी घातलं. माजी विद्यार्थी, उल्लेखनीय सेवा. तुला पटलं नव्हतं. “माझ्या अंगावर शाल घालण्यापरीस ओढ्यापलीकडच्या खांबावर नवी तार घाला. तुमच्या मंडपवाल्यानं कूलर आणि हॅलोजन लावलेत, ती जुनी तार येवढं नाय ओढणार.” मी म्हटलं, एक दिवस गप्प बस आणि पाहुण्यासारखा ये. तू आलास. पांढराशुभ्र शर्ट, वहिनींनी कडक इस्त्री केलेला, खिशाला मीच दिलेलं पेन. खाकी पिशवी घरी. तुझा मदतनीस रजेवर.

साडेदहाला लाइन गेली. ओढ्यापलीकडच्या खांबावरचा जंपर जळला होता, म्हणजे दोन तारा जोडणारा तो तुकडा, ज्याच्याबद्दल तू बजावलं होतंस. तू डीपीचे तीन फ्यूज ओढून काढलेस. चिनी मातीचे, पण वर्षांच्या धुळीने आणि ग्रीसने काळे झालेले. ते तू खिशात घालायला निघालास आणि मी म्हणालो, “अरे शर्ट! फोटो काढायचेत. दे इकडे.” मी माझा रुमाल पसरला. तू त्यात ते ठेवलेस. मी गाठ मारली.

“आणि डीपीखाली?” तू विचारलंस.

“मीच बसतो.”

“दोनी तूच?”

“का? मी दोन माणसांच्या बरोबरीचा नाही का?”

तू शाळेची शिडी खांद्यावर घेतलीस. “उठू नको हां, मास्तर.”

“नाही रे.”

हे आपलं शेवटचं बोलणं. तुझा खांब डीपीवरून दिसत नाही, मध्ये पेंढ्याच्या गंजी आहेत. मी खुर्ची टाकून बसलो. गाठोडं मांडीवर. दुसऱ्या हातात पाहुण्यांच्या परिचयाची दोन पानं. या पाहुण्यांची मी स्टाफरूममध्ये किती टिंगल केली होती ते तुला माहीत आहे. त्या दोन पानांत ‘थोर’ हा शब्द तीनदा होता. चौथ्यांदा घालावा का, याचा मी डीपीखाली बसून विचार करत होतो.

गाड्या आल्या, लेझीम झाली. शिपाई धावत आला. “सर, अध्यक्ष बोलवतात. परिचय तुमी द्यायचाय.”

“लाइन येऊ दे.”

“बिनमाइकचाच करा म्हणतात. सायबांना कल्याणला टाइमात पोचायचंय.”

मी उठलो.

कोणी ओढलं नाही, धमकी दिली नाही. मनाशी म्हणालो, फ्यूज तर माझ्या हातात आहेत, कोण काय करणार? आणि खरं सांगू? मला ती दोन पानं वाचायची होती. आयुष्यभर व्यासपीठांना हसलो, आणि एकाने नावाने हाक मारली तर चालत गेलो. पानं धरायला दोन्ही हात लागतात. रुमाल मी टेबलावर ठेवला, हारांच्या शेजारी.

मागचे लोक ओरडत होते, ऐकू येत नाय. मी आवाज चढवला. मंडपाच्या वायरिंगवाल्याला टेबलावरचं गाठोडं दिसलं असणार, सैल गाठीतून पांढरं-काळं डोकावणारं. तो कल्याणचा. त्याला तुझा रिवाज ठाऊक नव्हता. त्याने ओळखलं एवढंच की फ्यूज इथे विसरलेत, म्हणून लाइन नाही. डीपीखाली खुर्ची रिकामी होती. मी त्याला दोष देत नाही. त्याला सांगायचं काम खुर्चीवरच्या माणसाचं होतं.

मी “थोर” म्हणालो आणि माइक लागला. माझा आवाज ओढ्यापलीकडे गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टेबलाकडे पाहिलं. हारांशेजारी रुमाल नव्हता.

आणि मी परिच्छेद पुरा केला, काशिनाथ. चार वाक्यं. मी ती नंतर कितीदा तरी मोजली आहेत. तू आधीच गेला होतास, जोड पुरा झाला त्या पहिल्याच क्षणी, असं डॉक्टर म्हणतात. पण ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. मी फक्त रिकामं टेबल पाहिलं होतं आणि वाचत होतो. मग ओढ्याकडून आरोळी आली.

दहाव्यानंतर अध्यक्षांनी मला बोलावलं. स्वतः खुर्ची पुढे केली. “सर, झालं ते वाईटच. पण संस्थेचं नाव यात नको. तुम्ही एवढंच सांगा, की मी आत कार्यक्रमात होतो, बाहेरचं मला माहीत नाही. यात खोटं काही आहे का?” नाही. एक शब्द खोटा नव्हता. वायरिंगवाला त्या दिवशी संध्याकाळीच सामान सोडून निघून गेलाय आणि बाकी कोणी काही पाहिलेलं नाही. अध्यक्षांनी असंही सांगितलं की सभागृहाच्या स्विचबोर्डच्या खोलीला तुझं नाव द्यायचं घाटतंय. संगमरवरी पाटी. सभागृहाला देता येत नाही, तिथं देणगीदाराच्या वडिलांचं आहे.

तेराव्याला सुनंदावहिनींनी मला जाताना थांबवलं. इतकी वर्षं त्या मला ‘भावजी’ म्हणत आल्या.

“सर, ही वही. तुमच्या दोघांची.” मग पदराखालून घडी केलेला रुमाल काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, तरी काळे डाग दिसत होते. “आणि हा तुमचा एकट्याचा. डीपीखाली पडला व्हता.”

मी रुमाल वहीखाली सरकवला.

“साहेब इचारतात, फ्यूज कुठं व्हते. मी काय सांगू? ते कधी फ्यूज दुसऱ्याच्या हातात देत नव्हते. तुमच्या हातात देतील, तेवढंच.”

घरी येऊन वही उघडली. शेवटची नोंद त्याच दिवशी सकाळची, मी दिलेल्या पेनाने: ‘पाहुणा यायच्या आधी तास-दीड तास पोरांना उन्हात उभं करतात ती.’ खाली माझ्यासाठी: ‘मास्तर, पुस्तकात असंल तर दाखव.’

*

शुक्रवार. काल जाऊन आलो.

साडेसातच्या एसटीने निघालो. खिशात एक जबाब लिहून नेला होता, दीड पानी. टोकावड्यानंतर तो वाचला. त्यात ‘दुर्दैवाने’ दोनदा होतं, ‘परिस्थितीच्या रेट्यामुळे’ एकदा. मीच मुलांच्या निबंधातून असले शब्द लाल शाईने काढत आलो. कागद फाडला.

चौकशी घेणारे साहेब तरुण होते, थकलेले. मान खाली घालूनच लिहीत होते.

“मयत खांबावर असताना फ्यूज कुणाकडे होते?”

“त्याने काढले होते. माझ्याकडे होते.”

“तुम्ही कोणाला दिले?”

“कोणालाच नाही. ठेवले.”

“कुठे?”

“स्टेजवरच्या टेबलावर. हारांजवळ.”

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. “सर, तुम्हाला याचा अर्थ कळतो ना? हे पोलिसांकडेही जाईल.”

कळतो, म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. मी सही केली. टेबलावर रुमालही ठेवला. तो त्यांनी पाकिटात घालून पाकिटावर नंबर टाकला. तू हलगर्जी होतास असं आता कागदावर येणार नाही, एवढं साहेब बोलले. वहिनींच्या नोकरीचं काय, ते वरून ठरेल.

येताना आधी तुझ्या घरी उतरलो. वहिनी सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी उंबऱ्याबाहेरच बसलो आणि सगळं सांगितलं. शर्ट, रुमाल, खुर्ची, टेबल. चार वाक्यंही सांगितली. ती साहेबांना सांगितली नव्हती. सूप थांबलं नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

“त्यांना काय ऐकू आलं असंल?”

“माझा आवाज.”

त्या उठून आत गेल्या. तुझ्या घरी मी कधी चहाशिवाय परतलो नाही. मी बराच वेळ बसलो. आतून भांड्याचा आवाज आला नाही, कोणी बाहेर आलं नाही. मग उठलो. वही सुपाशेजारी ठेवली. तुझ्या शेवटच्या नोंदीखाली मी काही लिहिलेलं नाही. ती पुस्तकात नाही, काशिनाथ. मी सगळी तीन पानं पाहिली. गुण तुझाच.

आज शाळेत अध्यक्षांचा निरोप होता की रविवारी मी बोललो नाही तरी चालेल. तरीही मंडप उभा राहतोय. नवा मंडपवाला आहे, पण हॅलोजन तेच, कूलर दोनाऐवजी तीन, कारण तालुक्यावरून मोठी माणसं यायची आहेत. तुझा फोटो मोठा करून आणलाय, त्याच्याभोवती दिव्यांची माळ सोडणार आहेत. ओढ्यापलीकडच्या खांबावर तीच जुनी तार आहे. तुझ्या जागी तात्पुरता आलेला वायरमन पोरगेला आहे. सकाळी मी त्याला विचारलं, वर चढताना फ्यूज कुठं ठेवतोस? म्हणाला, “ठेवायचे कुठं? काढून तिथंच खाली ठेवतो, सर. कोण नेतंय?”

मी त्याला वैशाखऱ्याची गोष्ट सांगितली. तो हसला.

सभा अकराला आहे. मी साडेनऊला खुर्ची घेऊन डीपीखाली जाऊन बसणार आहे. लाइन जाणार, हे तुला माहीत आहे आणि मलाही. पोरगा फ्यूज काढेल, ते मी त्याच्याच खिशात घालायला लावीन, शर्ट काळा झाला तरी. मग आतून कोणी ना कोणी मला बोलवायला येईल.